एडा लव्हलेसच्या सात टिपा : एक वाचन

सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येणारे दोन प्रश्न आहेत. संगणकाचा जनक कोण? चार्ल्स बॅबेज. जगातील पहिली प्रोग्रॅमर कोण? एडा लव्हलेस. उत्तरे लिहिली की दोन गुण पदरात पडतात आणि विषय संपतो. ही दोन्ही उत्तरे ज्या एका लेखनाच्या आधारावर दिली जातात ते मात्र फारसे कोणी उघडत नाही. शिक्षकांनी ते उघडावे, निदान त्यात काय आहे हे समजून घ्यावे, म्हणून हा लेख. त्या लेखनात गुण आहेत तसे दोषही आहेत. आणि माझ्या मते त्याचा खरा गुण 'पहिली प्रोग्रॅमर' या बिरुदाखाली झाकला गेला आहे.

आधी हे लेखन जन्माला कसे आले ते पाहू. १८४० साली इटलीतील तुरिन येथे शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात बॅबेजने आपल्या नियोजित 'अॅनालिटिकल इंजिना'ची माहिती सांगितली. श्रोत्यांत लुइजी मेनाब्रेआ हा तरुण लष्करी अभियंता होता. (हाच पुढे १८६७ ते १८६९ या काळात इटलीचा पंतप्रधान झाला.) त्याने या यंत्रावर फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला आणि तो ऑक्टोबर १८४२ मध्ये जिनिव्हाच्या एका नियतकालिकात छापून आला. तारायंत्राच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स व्हीटस्टनच्या सूचनेवरून एडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते पाहून बॅबेज म्हणाला, तुला हा विषय इतका माहीत आहे, तर स्वतंत्र लेखच का लिहिला नाहीस? ते आपल्याला सुचलेच नाही, असे एडाचे उत्तर होते. मग निदान टिपा तरी जोड, असे बॅबेजने सुचवले. एडाने सात टिपा जोडल्या. त्यांना इंग्रजी वर्णमालेतील 'ए' ते 'जी' ही अक्षरे दिली आहेत. टिपा मूळ लेखाच्या अडीच ते तीनपट झाल्या! १८४३ साली लंडनमध्ये हे सारे छापून आले तेव्हा एडा सत्तावीस वर्षांची होती. टिपांखाली पूर्ण नाव नाही, फक्त 'ए. ए. एल.' ही आद्याक्षरे आहेत.

इथे बॅबेजबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. या यंत्राचे पुरेसे सविस्तर वर्णन त्याने स्वतः कधीच प्रसिद्ध केले नाही. १८६४ सालच्या आत्मचरित्रात एक प्रकरण आहे, पण त्यात यंत्रापेक्षा गाऱ्हाणीच लक्षात राहतात. बाकी सारे आराखडे आणि टिपणे घरात राहिली. त्यामुळे या यंत्राविषयी वाचायचे तर एका इटालियन अभियंत्याचा लेख आणि एका इंग्रज तरुणीच्या टिपा, हेच मुख्य साहित्य दीर्घकाळ जगापुढे होते.

आता यंत्राकडे वळू. बॅबेजची यंत्रे दोन, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिले 'डिफरन्स इंजिन', म्हणजे फरकांचे यंत्र. त्या काळी 'कॉम्प्युटर' या शब्दाचा अर्थ आकडेमोड करणारा माणूस असा होता. अशी माणसे बसून नौकानयनाचे आणि लॉगरिथमचे तक्ते तयार करीत आणि त्यांत चुका होत. ही आकडेमोड चाकांकडे सोपवावी, ही बॅबेजची मूळ कल्पना. तिच्यामागचे गणित आठवीच्या वर्गातही दाखवता येते. क्षचा वर्ग + क्ष + ४१ ही राशी घ्या. बॅबेज आपल्या छोट्या नमुन्यावर हीच राशी दाखवत असे. क्ष ला ०, १, २, ३, ४, ५ या किमती दिल्या की ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१ हे आकडे मिळतात. लगतच्या आकड्यांतील फरक २, ४, ६, ८, १०. त्या फरकांतील फरक सगळीकडे २. म्हणजे पुढचा आकडा काढायला गुणाकाराची गरजच नाही. १० मध्ये २ मिळवले की १२, आणि ७१ मध्ये १२ मिळवले की ८३. नुसत्या बेरजा, आणि बेरीज दातेरी चाकांना जमते. ब्रिटिश सरकारने १८२३ मध्ये यासाठी १५०० पौंड दिले. १८३३ मध्ये कारागीर जोसेफ क्लेमेंटशी बिनसून काम थांबले आणि १८४२ मध्ये सरकारने अधिकृतपणे हात काढून घेतला, तोवर १७ हजारांहून अधिक पौंड खर्ची पडले होते. यंत्र कल्पनेतच चुकीचे होते असे मात्र नाही. त्याच तत्त्वावरचा बॅबेजचा नंतरचा, १८४७ ते १८४९ मधला आराखडा लंडनच्या सायन्स म्युझियमने त्या काळी जमेल तेवढ्याच अचूकतेने भाग घडवून १९९१ साली प्रत्यक्षात आणला आणि तो चालला.

दुसरे यंत्र १८३४ पासून बॅबेजच्या डोक्यात घोळू लागले. टिपा त्याच्याविषयी आहेत. यात आकडे ठेवण्याची जागा वेगळी आणि त्यांच्यावर क्रिया करण्याची जागा वेगळी. पहिलीला बॅबेज 'कोठार' म्हणतो, दुसरीला 'गिरणी'. कोठारातून आकडा काढायचा, गिरणीत घालायचा, जे निघेल ते पुन्हा कोठारात ठेवायचे. कोणती क्रिया कधी करायची आणि कोणत्या खांबावरचे आकडे घ्यायचे, हे छिद्रे पाडलेल्या कार्डांनी ठरते. कार्डांची युक्ती फ्रान्समधल्या जाकारच्या मागावरून उचललेली आहे. त्या मागात कार्डातल्या छिद्रांनुसार ताण्याचे धागे उचलले जातात आणि नक्षी उतरते. आपल्याकडे या यंत्रणेला 'जेकार्ड' म्हणतात. येवला किंवा इचलकरंजीच्या परिसरातील शिक्षकांना ती मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल, आणि या विषयाची सुरुवात करायला त्याहून चांगली जागा नाही. बॅबेजकडे खुद्द जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र होते. त्याला सुमारे २४ हजार कार्डे लागली होती. पाहुण्यांना ते कोरीव ठशाने छापलेले चित्र वाटे.

एवढी तयारी झाली की टिपा वाचता येतात. पहिली टीप सर्वांत लांबच्या पल्ल्याची आहे. मेनाब्रेआला यंत्र कसे चालेल यात रस आहे, तर एडाला ते यंत्र म्हणजे नेमके काय आहे यात. तिचे म्हणणे थोडक्यात असे: क्रिया वेगळी आणि क्रिया ज्यावर होते ती वस्तू वेगळी. अंकगणितात ही दोन इतकी एकमेकांत मिसळून गेली आहेत की आपल्याला ती वेगळी दिसतच नाहीत. फरकांचे यंत्र एकच क्रिया जाणते, बेरीज. नवे यंत्र क्रियांचा कोणताही क्रम पाळू शकते. मग चाकांवरचे आकडे हे संख्यांचेच असले पाहिजेत असे कुठे आहे? ज्या वस्तूंचे परस्परसंबंध नियमांत मांडता येतात अशा कोणत्याही वस्तूंची ती चिन्हे असू शकतील. ती उदाहरण देते संगीताचे. स्वरांचे परस्परसंबंध जर अशा नियमांत बसवता आले, तर हे यंत्र संगीतरचनाही करू शकेल, असे ती म्हणते. १८४३ साली!

बॅबेजच्या लेखनात ही झेप नाही. तो संख्या आणि बीजगणित यांच्या आत राहतो. आज आपण त्याच पेटीवर पत्र टंकतो, गाणे ऐकतो, क्ष-किरण चित्र पाहतो, आणि आत सगळीकडे फक्त अंक असतात, हे आपल्याला नवल वाटेनासे झाले आहे. ते नवल वाटण्याजोगे आहे हे ज्या पानावर प्रथम दिसते ते हे पान. एडाला मोठे म्हणायचे तर या पानासाठी म्हणावे.

मधल्या टिपा रूक्ष आहेत. काही ठिकाणी तर एकच मुद्दा ती तीनदा सांगते, तळटिपांना तळटिपा जोडते, आणि फरकांच्या यंत्रापेक्षा नवे यंत्र किती श्रेष्ठ हे पटवण्यात पाने घालवते. बॅबेजचे दुसरे यंत्र व्हावे यासाठीची वकिली त्यात उघड दिसते. मात्र चौथी टीप शिक्षकांनी जरूर पाहावी. कारण आपण वर्गात रोज ज्या अडचणीला तोंड देतो ती तिथे आहे.

गणिताच्या तासाला आपण शिकवतो की समीकरणाची डावी आणि उजवी बाजू समान असते. मग संगणकाच्या तासाला फळ्यावर येते: क = क + १. वर्गातली एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, म्हणजे शून्य बरोबर एक का?" प्रश्न बिनतोड आहे. एडाने तो ओळखला होता. यंत्रातल्या प्रत्येक खांबाला एक नाव आहे, पण त्यावरची किंमत बदलत जाते. म्हणून ती नावाच्या डाव्या खांद्यावर एक छोटा अंक लिहिते: या खांबावर आलेली ही कितवी किंमत आहे हे दाखवणारा. 'दुसरा क = पहिला क + १' असे लिहिले की विरोध मिटतो. आजच्या संगणक भाषांनी तो अंक गाळून टाकला आहे आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ कायम ठेवला आहे. फळ्यावर तो अंक लिहून शिकवायला काय हरकत आहे?

पाचव्या टिपेत पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रियांचा, म्हणजे आज ज्याला 'लूप' म्हणतात त्याचा, विचार आहे. ती त्याला चक्र म्हणते आणि चक्राच्या आत चक्र असू शकते हेही दाखवते.

आता सातवी, बहुचर्चित टीप. यात बर्नूली संख्या यंत्राकडून कशा काढता येतील याचा मोठा तक्ता आहे. बर्नूली संख्या म्हणजे १/६, वजा १/३०, १/४२ अशी एक श्रेणी. एका संख्येवरून पुढची काढता येते, पण त्यासाठी आधीच्या सगळ्या लागतात. एडा त्यांना ब१, ब३, ब५, ब७ अशी नावे देते आणि एक सूत्र वापरते. त्याची लहानशी पायरी आपण हाताने करून पाहू. सूत्रात न = २ घातले की असे होते:

वजा १/२ × ३/५, अधिक ब१ × २, अधिक ब३ = ०.

ब१ म्हणजे १/६. म्हणून ब३ = ३/१० वजा १/३ = वजा १/३०. बरोबर. तक्त्यात न = ४ आहे आणि उत्तर ब७ चे काढले आहे; ते पुन्हा वजा १/३० येते. याहून सोपी सूत्रे आहेत हे एडाला ठाऊक होते. सोपेपणा हा आपला हेतूच नाही, यंत्राची ताकद दाखवायची आहे, असे ती स्पष्ट सांगते.

तक्त्यात एकूण २५ क्रिया आहेत. पहिल्या क्रियेत २ आणि न यांचा गुणाकार चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खांबांवर जातो. दुसरीत चौथ्यातून १ वजा होतो, तिसरीत पाचव्यात १ मिळतो. चौथ्या क्रियेत चौथ्या खांबाला पाचव्याने भागायचे आहे. छापील तक्त्यात मात्र ते उलटे आहे: पाचव्याला चौथ्याने! उत्तराच्या रकान्यात अपूर्णांक बरोबर लिहिलेला आहे, म्हणजे घसरली ती लेखणी. पण यंत्राला उत्तराचा रकाना दिसत नाही. ते आज्ञा पाळेल. वरच्या छोट्या उदाहरणात ३/५ च्या जागी ५/३ घालून पाहा. ब३ वजा १/३० ऐवजी १/२ येईल. 'जगातला पहिला प्रोग्रॅम' म्हणून ज्याचा गौरव होतो त्यात पहिली 'बग'ही आहे, आणि विद्यार्थ्यांना हे सांगितले तर त्यांना एडा अधिकच जवळची वाटेल.

पण हा तक्ता प्रोग्रॅम आहे का? काटेकोरपणे पाहिले तर तो एका विशिष्ट उदाहरणाचा, न = ४ चा, क्रमवार हिशेब आहे. तेरा ते तेवीस या क्रिया पुन्हा करायच्या एवढे त्यात लिहिले आहे. किती वेळा करायच्या हे यंत्राला कसे कळणार? दहाव्या खांबावर एक मोजणीचा आकडा ठेवला आहे. सातव्या क्रियेत तो शून्य निघाला तर यंत्राने एक वाट धरायची, नाही तर दुसरी, हे एडाने टिपेच्या मजकुरात सांगितले आहे. तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. तसेच एकविसाव्या क्रियेला प्रत्येक फेरीत एक घटक नव्या खांबावरून घ्यावा लागतो आणि चोविसाव्या क्रियेचे उत्तर दर वेळी नव्या खांबावर ठेवावे लागते, हेही ती मजकुरात नोंदवते. आजचा प्रोग्रॅमर यासाठी अनुक्रमांक लावलेली यादी वापरतो. एडाने अडचण अचूक हेरली, सोडवणूक पूर्ण मांडली नाही. तक्ता आणि मजकूर एकत्र वाचले तरच त्याला प्रोग्रॅम म्हणता येते. नुसत्या तक्त्याचे चित्र छापून 'हा पहिला प्रोग्रॅम' म्हणणाऱ्यांनी बहुधा मजकूर वाचलेला नसतो.

मग 'पहिली' या शब्दाचे काय? इथे दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंनी आवाज चढलेला असतो. ऑस्ट्रेलियन संशोधक अॅलन ब्रॉम्ले यांनी बॅबेजच्या कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास केला. टिपांतील एक सोडून बाकी सर्व उदाहरणे बॅबेजने तीन ते सात वर्षे आधीच तयार केली होती, असा त्यांचा निष्कर्ष. १८३६ ते १८४० या काळात बॅबेजने असे सुमारे दोन डझन तक्ते लिहिले होते, ते अप्रकाशित राहिले. तेव्हा कालक्रमाने पहिला मान बॅबेजचाच. राहिलेले एक उदाहरण म्हणजे बर्नूली संख्या. त्याबद्दल बॅबेज आत्मचरित्रात सांगतो की उदाहरणे त्याने सुचवली, निवड एडाची, बीजगणित तिने स्वतः केले. फक्त बर्नूलीचे गणित तिचा त्रास वाचावा म्हणून त्याने करून दिले, आणि त्यातली एक गंभीर चूक शोधून तिने ते परत पाठवले. याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. मला त्यातून दिसते ते असे: गणित समजल्याशिवाय दुसऱ्याच्या गणितातील चूक सापडत नाही. १८४३ च्या उन्हाळ्यातील तिची पत्रे पाहिली की खांब आणि क्रिया यांचा मेळ घालण्यासाठी ती किती दमली हे कळते. तक्त्याच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवायला नवरा बसला होता, हेही त्या पत्रांत आहे.

उलट बाजूने, तिला पट्टीची गणितज्ञ ठरवणारेही अतिशयोक्ती करतात. तिचे गणिताचे शिक्षण पत्रांतून झाले. शिक्षक होते ऑगस्टस डी मॉर्गन, मदुराईत जन्मलेले तर्कशास्त्रज्ञ. त्या काळी इंग्लंडच्या विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. या शिक्षणात राहिलेले कच्चे दुवे भाषांतरात एका ठिकाणी उघडे पडतात. फ्रेंच लेखात 'कास', म्हणजे 'प्रसंग', या शब्दाच्या जागी छपाईच्या चुकीने 'कॉस' पडले होते, म्हणजे त्रिकोणमितीतील कोसाइन. एडाने ते निमूटपणे तसेच इंग्रजीत उतरवले. त्यामुळे त्या वाक्याला गणिताच्या दृष्टीने अर्थच उरला नाही. एक अक्षर, पण मुरलेल्या गणितज्ञाच्या डोळ्यांना ते खुपले असते. बॅबेजलाही ते दिसले नाही, हे त्याच न्यायाने म्हटले पाहिजे.

तिच्या लेखक म्हणून असलेल्या ठामपणाचा पुरावा वेगळ्याच प्रसंगात मिळतो. छपाईच्या ऐन वेळी बॅबेजने सरकारविरुद्धची आपली तक्रार सही न करता या लेखाला जोडायचा हट्ट धरला. एडाने साफ नकार दिला. बॅबेजने तिला लेखच परत घ्यायला सांगितले, तिने तेही मानले नाही. लेख तक्रारीशिवाय छापला गेला.

आता 'जनक' या शब्दाकडे. जनक म्हटले की वंश आला. बॅबेजचा वंश वाढलाच नाही. १८७१ मध्ये तो वारला तेव्हा दुसऱ्या यंत्राचा जेमतेम एक तुकडा तयार होता. एडा त्याआधीच, १८५२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी गेली होती. जर्मनीत कोनराड झूसने १९३८ मध्ये यांत्रिक आणि १९४१ मध्ये विद्युत-यांत्रिक संगणक बनवला तो बॅबेजचे काम ठाऊक नसताना. टिपा नव्या वाचकांपुढे आल्या त्या १९५३ मध्ये, बी. व्ही. बाउडेन यांनी आपल्या पुस्तकात त्या पुन्हा छापल्या तेव्हा. तोवर विद्युत संगणक चालू झाले होते आणि त्यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी चक्रे, मोजणीचे खांब, नव्या जागी उत्तर ठेवण्याची युक्ती हे सारे स्वतःच पुन्हा शोधून काढले होते.

अॅलन ट्युरिंगने मात्र टिपांची दखल आधी घेतली. यंत्रे विचार करू शकतील का, या १९५० सालच्या त्याच्या निबंधात 'लेडी लव्हलेसचा आक्षेप' या नावाचा एक भाग आहे. सातव्या टिपेत एडाने बजावले होते की हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करील असा दावा नाही. आपण जे करायला सांगू शकू तेच ते करील. यंत्रे मला वरचेवर चकित करतात, असे ट्युरिंगचे उत्तर. आज यंत्रे मजकूर आणि चित्रे तयार करू लागली आहेत तसे एडाचे हे विधान पुन्हा सगळीकडे दिसू लागले आहे, बहुतेक वेळा अर्धवट. त्याच परिच्छेदात ती पुढे जे म्हणते ते गाळले जाते. एखादे सत्य यंत्राला सांगता येईल अशा रीतीने आपण नव्याने मांडू लागतो, तेव्हा त्या मांडणीतच विषयाचे आपल्याला न दिसलेले संबंध उजेडात येतात, असे ती सांगते. बर्नूलीच्या एका सूत्राचे तिने २५ क्रियांत तुकडे केले, तेव्हा तिच्या हाती नेमके हेच लागले होते: नव्या खांबावर जाणारी एकविसावी क्रिया, जिची अडचण सूत्राकडे पाहून कोणालाच दिसली नसती.